व्होल्टेज मी वाढवलं

मंगळवार, संध्याकाळ. शेलूबाजार

घरच्या कॉम्प्युटरचा स्वस्तातला प्रोसेसर आज पहिल्यांदाच जास्त वेगानं पळवायला गेलो. त्यासाठी कोणाला न सांगता त्याचं व्होल्टेज वाढवलं. दुपारी बहीण प्रतिभा बी.एड.चा प्रकल्प लिहीत असताना स्क्रीन काळी पडली. मी आतल्या मदरबोर्डवरचा सेल काढून परत बसवला, त्यानं व्होल्टेजची सेटिंग पहिल्यासारखी झाली, तेव्हा मशीन सुरू झालं. तिची फाईल मात्र उघडेना.

बाबा तिच्यावरच ओरडले, "समजत नाही त हात कायले लावला?"

ती रडत म्हणाली, "दादा, मी काहीच नाही केलं."

"काहीतरी दाबलं असशील," मी म्हटलं. काहून म्हटलं? व्होल्टेज तर मीच वाढवलं होतं.

ती आता पहिल्या पानापासून लिहून राह्यली. मघाशी म्हणाली, "तू होता म्हणून कॉम्प्युटर तरी वाचला." मी मान डोलावली.