क्लीनरच्या जागी कोण

१२ जानेवारी, सोमवार

मेल आला. नवा प्लॅटफॉर्म पुढच्या महिन्यात ३ तारखेला सुरू होतोय आणि पहिल्या दिवसाच्या मोजक्या खेळांत आमचा आहे. प्रशांतने तीनदा वाचून दाखवला, मग खाली जाऊन जिलबी घेऊन आला. इम्रान म्हणाला, "मुबारक," आणि परत टायरचं चित्र काढत बसला.

खेळाची माहिती चार ओळींत मागितली होती. मी लिहिलं: दोघांनी खेळायचा खेळ. एक ड्रायव्हर, त्याला फक्त समोरचं दिसतं. दुसरा क्लीनर, त्याला फक्त मागचं दिसतं. क्लीनरने सांगायचं, ड्रायव्हरने ऐकायचं, आणि न्हावा शेवाच्या यार्डात कंटेनरचा ट्रेलर मागे लावायचा.

मूळ कल्पना प्रशांतच्या मोठ्या भावाची. तो खरंच ट्रेलर चालवतो. कोड प्रशांतचा, चित्रं आणि आवाज इम्रानचे, बाकी सगळं, म्हणजे लिहिणं, तपासणं, लोकांशी बोलणं, माझं. तीन वर्षं या एका खोलीत, प्रशांतच्या काकांच्या हार्डवेअर दुकानाच्या वर, एसटी स्टँडचे हॉर्न ऐकत. आता ब्राउझर उघडला की कोणीही खेळेल. डाउनलोड नको, काही नको.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण एक प्रश्न सुटत नाहीय. कोणीही म्हणजे कोण.

१४ जाने., बुध.

संक्रांत. ताईकडे जेवले. ओवी (भाची, चौथीत) खेळ कधी येणार म्हणून मागे लागलीय. तिच्या वर्गात तिने सांगूनही टाकलंय की माझ्या मावशीचा खेळ येतोय.

परत आले तर अटींचं पत्र. बाकी ठीक, एक सोडून. आमच्या खेळात क्लीनरला बोलता येत नाही. सहा बटणं आहेत: येऊ दे, डावी मार, उजवी मार, हळू, पुढे घे, बास. बस्स. प्लॅटफॉर्मवाल्या कंपनीला तिथे मोकळं चॅट हवंय. लिहायचंही आणि बोलायचंही. "लोक गप्पा मारतात तेव्हाच थांबतात," असं त्यांचं म्हणणं.

प्रशांत: "बोलू दे की. त्यातच मजा आहे."
इम्रान: "सामने कौन है, ते कळणार का?"
प्रशांत: "टोपणनाव दिसेल."
इम्रानने पेन खाली ठेवलं. 

१७ जाने., शनि.

आमच्यासारख्या स्वतःच्या हिमतीवर खेळ करणाऱ्यांची बैठक, कळंबोलीला सागरच्या घरी, हॉलमध्ये; तोही खेळ बनवतो. आठजण. विषय एकच, नव्या प्लॅटफॉर्मवर जायचं की नाही.

सागरचं मत, जायचंच. "डाउनलोड कोण करतंय आता? पोराच्या हातात आईचा फोन पाच मिनिटं येतो. तेवढ्यात खेळ सुरू झाला पाहिजे." एकाचा आधीचा खेळ दुसऱ्या एका साइटबरोबर बुडाला होता. तो म्हणाला, "साइट बंद झाली त्या दिवशी माझा खेळ पण गेला. साधा निरोप नाही." त्यावर बराच वेळ वाद. दुकान त्यांचं, माल आपला, वगैरे.

मी विचारलं, चॅट कोण तपासणार. सागर हसला. "मशीन तपासेल. वैदेही, तू आईसारखी काळजी करतेस." सगळे हसले, मीपण.

रिक्षात बसल्यावर जाणवलं की उत्तर कोणी दिलंच नाही.

२० जाने., मंगळ.

आजपासून चाचणी, कंपनीचं चॅट चालू ठेवूनच. अजून सगळ्यांना खुलं नाही. प्लॅटफॉर्मने प्रत्येक खेळवाल्याला काही लिंक दिल्यात, ज्याच्याकडे लिंक आहे तोच आत येणार. तिघांनी वाटून घेतल्या आणि आपापल्या माणसांना पाठवल्या. मी ओवीला, कॉलेजच्या दोन मैत्रिणींना, वरच्या मजल्यावरच्या काकूंना.

चालतोय. खरंच चालतोय. दुपारी प्रशांतच्या भावाने उरण फाट्यावर गाडी उभी असताना फोनवर खेळून बघितला आणि हरला. प्रशांत दिवसभर हेच सांगत होता.

२३ जाने., शुक्र.

 लिहून ठेवते, नंतर विसरायला नको.

दु. चार वाजता ताईकडे गेले. ताई बँकेतून यायची होती. ओवी टॅब घेऊन सोफ्यावर. म्हणाली, "मावशी, मला एक मस्त क्लीनर मिळालाय. रोज तोच येतो. माझा ट्रेलर एकदापण घासला नाही."

मी म्हटलं, बघू.

चॅट वर वर सरकवत गेले. पहिल्या दिवशी सगळं खेळाचं. डावी मार. शाबास. दुसऱ्या दिवशी, कितवीत आहेस. डब्यात काय होतं. मग, तुमच्या शाळेच्या गेटसमोर वडापावची गाडी असते ना, मी तिथे खातो. ओवीने शाळेचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. मी दोनदा बघितलं. फक्त गणवेशाचा रंग सांगितला होता.

आणि आज दुपारचं: "आईला सांगू नकोस हां. सांगितलंस तर ते आपला खेळ बंद करतील. उद्या मला तुझा आवाज ऐकव."

ओवी माझ्याकडे बघत होती. "खेळ बंद करणार?" तिने विचारलं.

आपला खेळ, असं लिहिलंय त्याने. आपला.

२४ जाने., शनि.

ताईने काल सगळं वाचलं. आरडाओरडा नाही, काही नाही. टॅब कपाटावर ठेवला, गॅस बंद केला, बसली. मग म्हणाली, "हा तुझाच खेळ ना?"



आज सकाळी दोघी पोलिसांत गेलो. सायबरचं काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या. नीट ऐकून घेतलं. काही पुसू नका, टॅब तसाच ठेवा, मुलीला रागावू नका. "ती गप्प बसली नाही, तुम्हाला दाखवलं. हे तिला सांगा." कंपनीकडून माहिती मागवतो म्हणाल्या.

ओवीला सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "तो वाईट असेल तर मला ट्रेलर लावायला का शिकवलं?"

 ताईने तिला जवळ घेतलं.

२६ जाने., सोम.

सुट्टी, तरी तिघं खोलीत. मी सगळं सांगितलं. चॅट छापून नेलं होतं. इम्रानने पहिलं पान वाचलं, दुसरं उलटं करून ठेवलं.

प्रशांत आधी म्हणाला, "एक माणूस आहे. त्याला काढतील. फिल्टर लावू आपण." मी म्हटलं, कुठला शब्द अडवशील? डबा? वडापाव? यात एक तरी शब्द वाईट आहे का?

 तो एकदम चिडला. चिडला की त्याची गावाकडची बोली येते. "मंग काय करू? तीन वर्सां झाली, घरी तोंड दाखवत नाय मी. आई रोज फोनवर इचारते, तुजं काय चाल्लंय. आता कुटं सांगायला काय तरी हाय, तर तू बोलतेस बंद कर."

मी बंद कर म्हटलंच नव्हतं. माझ्या मनात होतं, ते त्याला दिसलं.

इम्रान हळूच: "प्रशांत, तुझ्या भावाची मुलंपण खेळतात ना?"

प्रशांत उठून जिना उतरून गेला. तासाने परत आला, कामाला बसला. त्याने भावाला फोन केला होता, असं नंतर कळलं.

२८ जाने., बुध.

कंपनीच्या बाईंशी फोन. अतिशय गोड आवाज. "झालं ते वाईट झालं, पण चाचणी यासाठीच असते." ते खातं बंद केलंय. पोलिसांना सगळं देऊ.

मी म्हटलं, आमच्या खेळापुरतं चॅट बंद ठेवा, आमची सहा बटणं पुरेत. नाही. सगळ्या खेळांना एकच नियम, सुरुवातीनंतर विचार करू. मी म्हटलं, मग आम्ही खेळ मागे घेतो. यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडून अटी मान्य झालेल्या आहेत. वर्षभर खेळ आमच्याकडे राहील."

फोन ठेवला. प्रशांत भिंतीकडे बघत म्हणाला, "मी पंधरा तारखेलाच मान्य करून टाकलं. मुदत होती. तुम्ही दोघं बोलतच बसला असता."

इम्रान हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

२९ जाने., गुरु.

शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभी राहिले. ताई सकाळी सोडते, मी आणायला जाणार, असं ठरलंय.

वडापावची गाडी. भोवती पाच-सहा पुरुष. एक स्कूटरवर बसून फोन बघत होता. एक म्हातारे गृहस्थ नातवाची वाट बघत. एकाने मला बघून मान हलवली, म्हणजे ओळखीचा असावा, पण मला आठवेना आणि मी घाबरून तोंड फिरवलं. इथेच जन्म गेला माझा. या रस्त्यावर मी कधी कोणाला घाबरले नव्हते.

ओवी आली. तिचा हात इतका घट्ट धरला की "दुखतंय" म्हणाली.

३१ जाने., शनि.

परत कळंबोली. ओवीचं नाव न घेता सगळं सांगितलं. आज कोणी हसलं नाही.

ठरलं की एकत्र पत्र लिहायचं: मुलांसाठी चॅट बंद होत नाही तोवर आमचे खेळ सुरू करू नका. लिहिलं मी. सह्या चारच. एकजण म्हणाला, तीन दिवसांवर आलंय, आता बोंब झाली तर प्लॅटफॉर्मच बुडेल, सगळ्यांचं नुकसान. सागर म्हणाला, "बघू." खाली सोडायला आला तेव्हा मात्र वेगळंच बोलला. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा. काल सागर मुलाच्या टॅबवर तासभर बसला होता म्हणे, एकेक ओळ वाचत. "काही सापडलं नाही. पण झोप गेली." तरी सही केली नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. भीती माणसाला कुठे नेईल, काय सांगावं.

२ फेब्रु., सोम.

उद्या सकाळी अकराला सुरू.

प्रशांतला एक वाट सापडलीय. दोन खेळाडूंची जोडी लावायचं काम अजून आमच्याच सर्व्हरवर होतं. ते थांबवलं तर खेळ उघडेल, पण कोणाला कोणी भेटणार नाही. जोडी नाही तर चॅटही नाही. करार मोडतो हे नक्की. वकील, नोटीस, सगळं येऊ शकतं. यापुढे कोणी आमचा खेळ घेईल का, माहीत नाही.

इम्रान: "बंद कर."
मी: "बंद कर."
प्रशांत म्हणाला, "उद्या सांगतो," आणि गावी निघून गेला. पासवर्ड त्याच्या एकट्याकडे. त्यानंतर चार फोन केले. उचलत नाही.

३ फेब्रु., मंगळ.

प्रशांत साडेनऊला आला. डोळे लाल. म्हणाला, "रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरीचं नाव काय." इतकंच. बसला, पासवर्ड घातला आणि जोडी लावणं बंद केलं. आम्ही मागे उभे होतो.

अकरा वाजता प्लॅटफॉर्म उघडला. पहिल्या पानावर इम्रानचा लाल ट्रेलर. इतका सुंदर दिसत होता. लोक यायला लागले. प्रत्येकाला एकच ओळ दिसत होती: जोडीदार शोधत आहोत. आकडा वाढत होता आणि सगळे एकेकटे उभे.

कंपनीचे फोन सुरू झाले. प्रशांतचा, मग माझा, मग इम्रानचा. कोणी घेतला नाही.

मग पोलिसांतल्या मॅडमचा आला, तो घेतला. कंपनीने माहिती दिलीय. ते खातं ज्या लिंकवरून आत आलं, ती लिंक आमच्याच वाट्याची होती. म्हणजे आम्हा तिघांपैकी कोणीतरी ती कोणाला तरी दिली. कोणी, कोणाला, हे त्यांना तिथून कळत नाही. आम्ही कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं.

सगळ्यांची नावं लिहून संध्याकाळी घेऊन या, म्हणाल्या. आठवेल तेवढी सगळी. जवळचे असले तरी.

माझी चार झाली. ओवी, दोन मैत्रिणी, काकू. काकूंचा मुलगा घरीच असतो हे आठवलं आणि तेही लिहिलं. प्रशांतचा भाऊ. इम्रानचा मेहुणा. त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र. प्रशांत आठवून आठवून सांगतोय, प्रत्येक नावाआधी थोडा थांबतोय. इम्रान खिडकीपाशी उभा आहे, फोनमधून जुने मेसेज वाचतोय, वर बघत नाही.

अकरा नावं झाली. या दोघांची स्वतःची नावंही त्यात लिहायची का, हे मॅडमना विचारायचं राहिलं.