गालाला लागलेला खडू

आये, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. तू गेलीस तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. मधल्या वर्षांत तुला विचारावं असं पुष्कळ साठलं, पण शाळा अर्धी सोडलेल्या माणसाला कागद समोर घेतला की घाम फुटतो. आज दुसरं कुणी विचारायला उरलं नाही म्हणून लिहितो. घरात बाईमाणूस नाही. तुझी सून गेली, माझी सूनही गेली. पोरगा टँकरवर असतो, येतो तेव्हा आंघोळ करून झोपतो आणि उठून जातो. राहिलो मी आणि नात. आणि नातीच्या चेहऱ्याला काय लावावं हे मला कळत नाही. एवढ्यासाठी कुणी पत्र लिहितं का, असं तू म्हणशील. पण सगळं त्याच्यावर येऊन अडलं आहे.

नात दौंडला डी.एड. करते. म्हणजे मास्तरीण होणार, आपल्यातली पहिली. बोलायला चुणचुणीत आहे, पाठ तयार करायचा असला की अंगणातल्या कोंबड्यांना विद्यार्थी समजून शिकवते. यंदा थंडी पडली आणि तिचे गाल कोरडे पडत गेले. बोअरचं पाणी मचूळ, त्यात साबण कडक. गालावर बारीक पापुद्रे सुटायला लागले. तिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "आबा, वर्गातल्या पोरींचे चेहरे कसे चमकतात. मॉइश्चरायझर लावतात त्या." तो शब्द मी पाठ करत पाटसच्या फाट्यावरून जीपमध्ये बसलो आणि दौंडला उतरेपर्यंत त्याचे तुकडे झाले. दुकानात गेल्यावर म्हणालो, तोंडाला लावायचं ते द्या.

बांगड्या, रिबिनी, पावडरी असं सगळं मिळणारं दुकान. गल्ल्यापाशी एक पोरगी होती. म्हणाली, "कुणासाठी, आबा?"

"नातीसाठी. तुकतुकी आली पाहिजे."

"ग्लो पाहिजे व्हय? स्किन कसली हाय तिची?"

मला वाटलं रंग विचारते. म्हणालो, "गव्हाळ."

"तसं न्हाई ओ. ऑइली, ड्राय, नॉर्मल, का मिक्स?"

खताच्या दुकानात जमीन कसली हाय विचारतात, काळी, मुरमाड का चोपण, तसंच हे असणार असं मी धरलं. म्हणालो, "कोरडी हाय. भेगाळल्यावाणी." तिने दोन ट्यूब माझ्यापुढे ठेवल्या, "ही ऑइलीसाठी, ही ड्रायसाठी," असं म्हणाली आणि तेवढ्यात लग्नाचा चुडा भरायला बायका आल्या म्हणून तिकडे वळली. आये, मी तिथं उभा राहून विचार केला. ऑइल मला माहीत आहे. विहिरीवर ऑइल इंजिन होतं तेव्हा मी ते हाताने भरलं आहे. ऑइल संपलं की इंजिन करकर करतं, ऑइल टाकलं की गप चालतं. मग कोरड्या गालाला कोरडं कशाला लावायचं? ऑइलीच पाहिजे. ती लांबूनच ओरडली, "घेतलं का आबा?" मी म्हणालो, "घेतलं. ऑइलीचं." ती "बरं बरं" म्हणाली आणि बांगड्या मोजत राहिली. मी फार हुशारी केली अशा आनंदात घरी आलो.

नातीने ट्यूब हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "छान आहे, आबा." रोज सकाळी ती आरशापुढे बसायची आणि मी चहा घेत समोर बसायचो. ती गालाला लावायची, मी बघायचो. मला वाटायचं, आज नाही तर उद्या चमकेल. उलट पापुद्रे वाढत गेले. नवी वस्तू आहे, आधी जुनं कातडं काढत असेल, असं मी तिला सांगायचो. ती मान हलवायची.

मग तो पाठ आला. यांना खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवून दाखवावं लागतं, आणि मागच्या बाकावर त्यांच्या मॅडम बसून बघतात. हातच्याची बेरीज शिकवायची होती. साडी नेसून गेली. फळ्यावर गणित मांडून वळली तर पहिल्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमच्या गालाला खडू लागलाय." हिने पदराने पुसलं. पुसलं तसं आणखी निघालं. "बाई, अजून हाय. तिकडं. तिकडं बी हाय." मागून एक जण म्हणाला, "आरं, खडू न्हाई त्यो, बाईंचा चुना सुटलाय." सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या म्हणे. हिने हातच्याचा एक घ्यायचा सोडून दिला आणि बेरीज चुकली, ती मग पोरांनीच सांगितली. घरी येऊन तिने साडी तशीच बोळा करून टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "आबा, मी परत जाणार नाही." सोमवारी शेवटचा पाठ आहे. तो दिला नाही तर दोन वर्षं फुकट जातील. सगळ्यांना माहीत आहे ते, तिलाही. तरी जाणार नाही म्हणते.

तेव्हापासून मला तुझे हात दिसतात. मांडवगण फराट्याच्या शिवारात आपली मेंढरं बसली आहेत, नदीकडून गार वारं येतं आणि माझे गाल फुटून रक्त येतं. तू एका मेंढीला गुडघ्यांत धरतेस, तिच्या मानेतल्या लोकरीत पार मुळापर्यंत बोटं घालतेस, लोकरीचं तेल हाताला लागेपर्यंत चोळतेस आणि तोच हात माझ्या गालावर फिरवतेस. एरवी दगडासारखे तुझे तळवे तेवढ्यापुरते लोण्यासारखे लागतात. आणि तुझं सगळ्यांना एकच नव्हतं. आप्पाच्या टाचांना एडक्याच्या मानेतलं, दाट, पिवळं. मला लेकुरवाळ्या मेंढीचं. थोरलीच्या कपाळावर मुरमं यायची, ती गाल पुढे करायची तर तू तिला हाकलायचीस, "चल, तुझ्या कातड्यात हाय तेवढं बास हाय." आधी अंगठ्याने गाल दाबून बघायचीस, मग मेंढी निवडायचीस. काय बघत होतीस तू? तेव्हा विचारलं नाही.

तेव्हा मला एकच कळत होतं, वास. शाळेत पोरं नाक धरायची. "मेंढरू आलं, मेंढरू आलं, खिडक्या उघडा." एक दिवस मी सांगितलं तर तू काठी घेऊन तशीच शाळेच्या दारात येऊन उभी राहिलीस. "मास्तर, वास माझ्या हाताचा हाय, पोराच्या अंगाचा न्हाई. पोरांस्नी सांगा." मास्तर हजेरी घेत राहिले. पोरं मात्र त्या दिवसापासून मेंढराची आई पण करून दाखवायला लागली. मी शाळेत जायचं थांबवलं. तू फार बोललीस मला. "गाल बरा झाला न्हवं? मग आता त्यो गाल घिऊन घरात बसतोयस व्हय?" मी बसलो. बसलो तो बसलोच. म्हणून नातीने भिंतीकडे तोंड केलं तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मी तिला म्हणालो, "पोरं हसतात, पोरं इसरतात." ती म्हणाली, "आबा, तुम्हाला नाही कळायचं." आये, या गावात हे मला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळत नसेल. पण ते बोलायला गेलो की माझी जीभ उचलत नाही.

काल पुन्हा त्या दुकानात गेलो. ट्यूब पुढे केली, म्हणालो, हिने आग झाली. त्या पोरीने ती वाचली आणि हसत सुटली. "आबा! ही तेल काढाया असती! जिच्या तोंडावर तेल सुटतं तिच्यासाठी!" मग माझं तोंड बघून तिने हसणं थांबवलं आणि स्टूल दिलं बसायला. नीट समजावलं. कोरड्या कातडीला जाडसर क्रीम लागतं. तेलकट असेल तर हलकं, पाण्यासारखं. कपाळ तेलकट आणि गाल कोरडे असले तर ते मिक्स, मग कपाळाला हलकं आणि गालाला जाड. फुटलेल्या गालाला वासाचं काही लावायचं नाही, झोंबतं. साबण कमी करायचा, तोंड खसाखसा पुसायचं नाही, ओलसर असतानाच लावायचं. मी विचारलं, "आन् ग्लो?"

"आधी भेगा बुजू द्या की, आबा. ग्लो कुठं पळून जातोय!"

"सोमवारपातूर व्हईल का?"

तिने ड्रायवाली ट्यूब कागदात गुंडाळली. मग म्हणाली, "लावून तर बघा."

घरी येऊन मी नातीला सगळं खरं सांगितलं. ऑइलीचा अर्थ मी उलटा घेतला, इंजिनाचंही सांगितलं. ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "मला माहीत होतं."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. ट्यूबवर लिहिलंय की."

"मग लावलंस कशाला, बाई?"

"तुम्ही रोज समोर बसून बघत होतात ना."

मी उठून अंगणात आलो. कोंबड्या होत्या. त्यांना काही शिकवता येईना मला.

आता नवी ट्यूब खिशात आहे आणि ती द्यायचं धाडस होत नाही. हिनेही आग झाली तर? दिली तर ती माझ्यासाठी निमूटपणे हीही लावील. म्हणून सकाळी तोंड धुऊन आधी मीच लावली, डाव्या गालाला. झोंबली नाही. पण माझं कातडं म्हणजे उन्हात वाळलेला जोडा, त्यावरून तिच्या गालाचं काय कळणार? अंगठ्याने दाबून बघितलं, तुझ्यासारखं. काही कळलं नाही.

हे लिहीत असताना ती बाहेर आली. माझ्याकडे बघून थबकली. "आबा, तुमचा एकच गाल का चमकतोय?" मी तळव्याने गाल झाकला. ती हसली, बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसताना गाल ताणले तसा तिने हात लावला आणि आत निघून गेली. बोळा केलेली साडी अजून तिथेच पडली आहे. मी उठून ट्यूब आरशापाशी ठेवली आणि आरशाकडे पाठ करून इथे येऊन बसलो. या वेळी बघणार नाही.

एक सांगायचं राहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आपली मेंढरं विकून जमाना झाला, पण बाजारात गेलो की अजून मी एखाद्या मेंढीच्या मानेत हात घालतो. मालक विचारतो, घ्यायची का, मी म्हणतो, बघतोय नुसती. मग घरी येईपर्यंत हात धूत नाही.

कागद कुठे टाकायचा ते ठाऊक नाही, घडी करून उशाखाली ठेवीन. तू फक्त एवढं कळव, तिला माझ्या शाळेचं सांगू का गप्प बसू? तुझं बोलणं मला तेव्हा लागू पडलं नाही, माझं तिला पडेल का? कसंही कळव, पण लवकर कळव. सोमवार परवा आहे.