गंगेत धुतलेला मुळा

१२ नोव्हेंबर १९९४, रामघाट

ह्यांच्या मेंदूत झाल्या तशा अळ्या सुमनच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत सोडतात, मग औषध देऊन बघतात.

"सोडतं कोण?" मी लेकीला विचारलं.

"आम्हीच, आई. आपणहून कोण घेईल?"

हे गेले तेव्हा शेजारीण म्हणाली होती, भटजींनी चोरून मांस खाल्लं असणार. केवढी भांडले होते मी! आज सुमनच्या पुस्तकात वाचलं, अळीची अंडी घाण पाण्यातून, कच्च्या भाजीतूनही पोटात जातात. ह्यांच्या कोशिंबिरीचा मुळा मी रोज गंगेत धुवायचे. नळाचं पाणी मला चालत नसे. वाढायचेही मीच.

सुमनला सांगू?

पण वर्षभर मुळा तीच धुते आहे. नळावर. मला हात लावू देत नाही.