सत्कार झाला की निघतो

१४ डिसेंबर २०२५, रविवार. नांदूरघाट.
पोहोचलो. बसस्टँडवर शाळेच्या भिंतीएवढा फ्लेक्स. काळ्या गाउनमध्ये मी, आणि वर लिहिलंय, 'लंडन येथून उच्च पदवी संपादन करून मायभूमीत आगमन'. हा उद्योग चुलतभाऊ अंगदचा. पदवी कॉव्हेंट्रीची आहे, लंडनची नाही. पण गावाला कॉव्हेंट्री समजावत बसण्यात अर्थ नाही. यांच्यासाठी तालुक्याच्या केजपुढे सगळं लंडनच.
२८ तारखेला सत्कार. अण्णांनी साहेबांना बोलावलंय. अण्णा म्हणजे वडील, माजी सभापती अर्जुनराव. साहेब म्हणजे साहेब. सत्कार घ्यायचा आणि ४ जानेवारीच्या विमानानं परत. एक दिवससुद्धा जास्त थांबणार नाही.

१५ डिसेंबर, सकाळी.
प्लॅन लिहून ठेवतो. इथल्या लोकांसारखं हवेत जगायची मला सवय नाही.
स्टुडंट व्हिसा २६ जानेवारीपर्यंत. त्याआधी ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज. म्हणजे शिक्षण झाल्यावर दोन वर्षं तिथं राहायची आणि हवी ती नोकरी करायची मुभा. त्या दोन वर्षांत एखादी कंपनी मला स्पॉन्सर करणारच. मग स्किल्ड वर्कर व्हिसा. मग काही वर्षांनी कायमचा मुक्काम. मग गावाकडे वर्षातून एकदा, तेही थंडीत.
अर्ज ऑनलाइन आहे. एमएससी इंटरनॅशनल बिझनेस झालेल्या माणसाला त्यात काय अवघड? इथंच गच्चीवर बसून भरीन.

१८ डिसेंबर.
सकाळपासून माणसं भेटायला. एकानं विचारलं, तिकडं ऊसतोडीला माणसं कुठून आणतेत. दुसऱ्यानं विचारलं, तिकडं लाइट किती तास जाती. तिसरा नुसताच बसून माझे बूट बघत होता. या लोकांत मी बावीस वर्षं काढली, याचं आता आश्चर्य वाटतं.
सगळे मला 'साहेब' म्हणतात. नको म्हटलं तरी म्हणतात. एकदाच नको म्हटलं.

२१ डिसेंबर, रविवार.
धनश्रीचा फोन. ही आमच्याच गावच्या आसाराम मेंढरंवाल्याची मुलगी. सरकारी शिष्यवृत्तीवर माझ्याच विद्यापीठात आली होती, पब्लिक हेल्थ का कायतरी करायला. पदवी झाली तरी गावाकडे आलेली नाही. ओढच नाही गावाची.
म्हणाली, "विजयदादा, ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज तिथून न्हाई भरता येत. भरताना माणूस इथंच लागतो. मी निकाल लागला तसा भरला. तुमी कावून गेलते मधीच?"
मी म्हणालो, सत्कार आहे. तिनं माझ्या व्हिसाची तारीख विचारली, मी सांगितली. मग म्हणाली, "मग सत्कार झाला की तसंच निघा. तारखेच्या आत इथं पोचा, पोचल्या पोचल्या अर्ज भरा. तेवढं जमवा."
जळतात लोक. गावात तिचा साधा ए-फोर साइजचा फोटो लागलेला नाही, हे तिला कुणीतरी कळवलेलं दिसतंय.

२२ डिसेंबर.
वेबसाइट वाचली. धनश्री म्हणते तसंच लिहिलंय. म्हणजे तिनंही तिथूनच वाचलं असणार, त्यात तिची काही हुशारी नाही. हरकत नाही. ४ तारखेला जायचंच आहे.

२७ डिसेंबर.
साहेबांची उद्याची तारीख रद्द. आता ११ जानेवारी. अण्णांना म्हणालो, साहेबांशिवाय उरकून टाकू. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी नवरदेवाशिवाय लग्न लावा म्हणालो.
एका अर्थी अण्णांचं बरोबर आहे. शाल काय, बाजारात ढिगानं मिळते. ती खांद्यावर टाकणारा हात कुणाचा, त्यावर फोटोची किंमत ठरते.
तिकीट पुढं ढकललं, १३ जानेवारी. आईनं प्रवासासाठी केलेले धपाटे घरीच खाल्ले.

३ जानेवारी २०२६.
सहज अर्ज उघडून पाहिला. प्रश्न: तुम्ही सध्या युकेमध्ये आहात का? 'हो'वर टिक केली. मनानं मी तिथंच आहे, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही.
पुढं एक सूचना आली की खोटी माहिती दिली तर पुढची कित्येक वर्षं व्हिसा बंद होऊ शकतो. मोबाइल बंद केला. गच्चीवर नेटवर्क खराबच आहे.

६ जानेवारी.
दुसरे मार्ग अभ्यासले. एकाच मार्गावर अवलंबून राहणारे वेगळे.
एक 'हाय पोटेन्शियल' नावाचा व्हिसा आहे, भारतात बसून भरता येतो. नावच माझ्यासाठी ठेवल्यासारखं. पण त्यासाठी त्यांनी जगातल्या ठरावीक विद्यापीठांची एक यादी केली आहे, आणि तिच्यात आमचं विद्यापीठ नाही. यादी करणाऱ्यांची पात्रता काय, ते कुठं लिहिलेलं दिसलं नाही.
मग थेट स्पॉन्सरशिप. तिथल्या कंपन्यांना ईमेल टाकले. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. बाकीच्यांना तेवढंही वळण नाही.
जेवताना अण्णा म्हणाले, "स्पॉन्सरच पायजेल ना बे? आपल्या कृषी सेवा केंद्राचा सुंदरराव देतो की. गणपतीत दर साली मंडपाचा खर्च तोच देतो." व्हिसाच्या खाली त्याचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं म्हणजे झालं, असं अंगदनं सुचवलं. या माणसांसोबत एका ताटात जेवावं लागतं.

१० जानेवारी.
साहेबांना उद्याही जमणार नाही. परवा जिजाऊ जयंती आहे, त्या गडबडीत आहेत. नवी तारीख १८. तिकीट ढकललं, आता २३.
धनश्रीचा मेसेज: "दादा, तिकीट काढलं का?" उत्तर दिलं नाही. सगळ्याच गोष्टी सगळ्यांना सांगत बसायच्या नसतात.

१५ जानेवारी, संक्रांतीनंतरचा दिवस.
आई चुलीपाशी बसली होती. मला म्हणाली, "इजू, तुला जायाचं हाय का न्हाई, येवढं मला सांग. न्हाई जायाचं तर ऱ्हा बाबा, आपलं काय आडलंय? पण मग मला सारखं धपाट्याला बसवू नको."
मी चिडलो. म्हणालो, तुला काय कळतंय व्हिसातलं. ती म्हणाली, "व्हिसातलं न्हाई कळत. तुझं कळतंय."
खरं तर कॉव्हेंट्रीत वर्षभर मला कुणी नावानं हाक मारली नाही. गोदामात खोकी भरायला जायचो, तिथला सुपरवायझर मला 'व्ही' म्हणायचा. विजयसिंह म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती. खोलीवर आलो की भिंतीकडे तोंड करून झोपायचो. इथं पानटपरीवर गेलो तरी लोक बाकड्यावरून उठतात.
याचा आणि व्हिसाचा काहीही संबंध नाही. आईचं शिक्षण चौथी.

१८ जानेवारी, रविवार.
साहेबांच्या मतदारसंघात कुणीतरी वारलं. कुणी ना कुणी वारणारच, मतदारसंघ मोठा आहे. पुढची तारीख कळवतो म्हणाले.
पण आता माझा निर्धार पक्का. सत्कार गेला खड्ड्यात. २३ ला निघणार म्हणजे निघणार. हे वाक्य खाली रेघ मारून लिहिलं.

२३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.
निघालो. आईनं परत धपाटे दिले. गाडी अंगद चालवतोय. मुंबईहून रात्रीचं विमान, उद्या सकाळी तिथं, लगेच अर्ज. आईच्या पाया पडलो तेव्हा डोळे चुरचुरले, पण ते चुलीच्या धुरानं.

२३ जानेवारी, संध्याकाळी. नांदूरघाट.
झालं ते असं. मांजरसुंब्याला अंगदनं धाब्यावर गाडी घेतली. बघतो तर तिथं पंचवीसेक पोरं हार घेऊन उभी. 'निरोप समारंभ'. भाषणं सुरू असतानाच अण्णांचा फोन: साहेबांनी स्वतःहून तारीख दिली. परवा रविवार, २५, संध्याकाळी पाच. या वेळी एकदम पक्की. पीएनं दोनदा सांगितलं.
शांतपणे विचार केला. भावनेच्या भरात निर्णय घेणारा माणूस मी नाही. व्हिसा २६ ला संपतो, म्हणजे २६ ची रात्र होईपर्यंत आहे. तिथली रात्र इथल्यापेक्षा साडेपाच तास उशिरा होते, म्हणजे तेवढा वेळ वरकड मिळतो. २५ ला पाचला सत्कार, सातला निघायचं, पहाटेचं विमान, २६ ला दुपारी लंडन, विमानतळावरच बाकावर बसून अर्ज. उलट सगळं जास्त सुटसुटीत.
तिकीट बदललं. पोरांनी निरोपाचे हार परत फिरवून स्वागताला घातले. धपाटे त्यांनीच खाल्ले.
धनश्रीला कळवलं. तिचा फोन आला, मी उचलला नाही.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी ४.
मंडप तयार. मला फेटा बांधला. बॅगा गाडीत ठेवल्या आहेत. अंगदनं टाकी फुल केली.

२५ जानेवारी, संध्याकाळी साडेसात.
साहेब निघालेत.

२५ जानेवारी, रात्री ९.
साहेब निघाले होते, पण मुंबईच्या दिशेला. उद्या सकाळी तिकडं झेंडावंदन आहे म्हणे. मंडपातली माणसं जेवून गेली. मी अंगदला म्हणालो, चल, अजूनही पोचू. तो म्हणाला, "कशाचं पोचतंय दादा, आता विमानाला झेंडा दाखवाया जायाचं का?" फेटा काढायला कुणी मिळालं नाही. माझा मीच काढला.

२६ जानेवारी, सोमवार.
शाळेत झेंडावंदन. मुख्याध्यापकांनी मला पुढं उभं केलं. मुलांना सांगितलं, हे बघा, हे लंडनला शिकले. मुलांनी बघितलं.
दिवसभर घड्याळ तिथल्या वेळेवर लावून बसलो. आई दोनदा येऊन शेजारी बसून गेली.

२७ जानेवारी.
संपला.
रडलो थोडा. का ते कळलं नाही, कारण मला तिथं मुळात आवडत नव्हतंच.

४ फेब्रुवारी.
अण्णांनी गावात सांगितलंय की विजयसिंहांनी लंडनला लाथ मारली, मातीच्या ओढीनं परत आले. ऐकायला बरं वाटतं. दोन-तीनदा ऐकल्यावर मलाही आठवायला लागलं की असंच काहीतरी मनात होतं.
तरी पर्याय खुले आहेत. आयर्लंडला शिकून झाल्यावर राहता येतं, पण त्यासाठी आयर्लंडमध्ये शिकलेलं लागतं. जर्मनीला नोकरी शोधायला जाता येतं, जर्मन येत असलेलं बरं. कॅनडात आता कडक केलंय. सगळ्या देशांत एकदमच संकुचित वृत्ती वाढलेली दिसते.

१२ फेब्रुवारी.
धनश्रीला दोन वर्षांचा व्हिसा मिळाला. तिथल्या एका आरोग्य संस्थेत नोकरीही लागली. आसाराम पेढे घेऊन आला होता. म्हणाला, "धाकले मालक, पोरीनं सांगितलंय, दादाला पहिला पेढा द्या. त्यायचं लई मन व्हतं."
पेढा खाल्ला. साखर जास्त होती.

१९ फेब्रुवारी.
बसस्टँडवर नवा फ्लेक्स. मधोमध धनश्री. तिचे आईवडील, आसाराम आणि साखराबाई, दोन्ही बाजूंना. मी खाली शुभेच्छुकांत, दुसऱ्या ओळीत, अंगद आणि सुंदररावाच्या मधे. माझा तोच गाउनमधला फोटो वापरलाय, पण गोलात बसवताना टोपी कापली गेली.
अंगदला झापलं. तो म्हणाला, "दादा, शुभेच्छुकात ज्याची गावात वळख हाय त्यालाच घेतेत." रविवारी सत्कार. साहेब येणार आहेत. मी जाणार नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार.
गेलो. न जाणं लोकांच्या डोळ्यावर आलं असतं.
साहेब आले. दहा मिनिटं लवकर. मंडप तोच, खुर्च्या त्याच. धनश्री तिथं नोकरीवर, म्हणून शाल आसारामला घातली. साखराबाई पदरानं डोळे पुसत होती.
मग अण्णांनी माईकवर जाहीर केलं की धनश्रीला मिळालेला व्हिसा नेमका काय असतो, हे आपले विजयसिंह समजावून सांगतील. गावात एवढं कळणारा माणूस दुसरा नाही, हे एक बरं झालं. मी उठलो आणि सगळं नीट सांगितलं. शिक्षण झालं की हा व्हिसा मिळतो, दोन वर्षं राहता येतं, काम करता येतं, पुढं स्पॉन्सर मिळाला की मुक्काम वाढतो. अट एकच, अर्ज करताना माणूस तिथंच पाहिजे. देश सोडून आला आणि तारीख टळली, की संपलं.
साहेब लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातला माईक स्वतःकडे ओढला आणि मायेनं विचारलं, "आणि मग तुम्ही हो कशाला आलात?"
मी म्हणालो, "साहेब, माझ्या सत्काराला तुम्ही येणार होता म्हणून."
साहेब मोठ्यानं हसले. माझ्या पाठीवर थाप मारली आणि माईकमध्ये म्हणाले, "मग? आलो की नाही?"
टाळ्या पडल्या. सगळेच वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.