धुतलेल्या काचा

प्रिय नाना,

तुम्ही गेल्यावर तुमच्या गंधमुक्तीची पंगत बसली, तिथे माझ्यावर घोर अन्याय झाला. बट्टी आली, वांग्याची भाजी आली, आणि तुपाचं भांडं नेमकं माझ्या ताटाशी येऊन रितं झालं! वाढप्याला ते भरून आणायचं शेवटपर्यंत सुचलं नाही. कोरडी बट्टी घशाखाली ढकलत मी अख्ख्या धुळ्याचा निषेध केला.

पण पत्र त्यासाठी नाही. हात धुतल्यावर तुमच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना म्हटलं, "नानांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या काचेच्या निगेटिव्ह कुठे आहेत? एकदा बघू द्या."

"त्या काचा? बठ्ठ्या त्यानी सोडाना पानीमा धुई टाक्यात, भाऊ. तुना लेख उना ना, त्याच आठवडामा."

माझा लेख आला त्याच आठवड्यात सगळ्या सोड्याच्या पाण्यात धुऊन टाकल्यात? नाना, तुम्हाला अक्कल होती की नाही?

पन्नास वर्षांपूर्वी तो लाकडी कॅमेरा बैलगाडीत घालून तुम्ही सोनगीरच्या किल्ल्यावर नेलात. तापीकाठच्या घळींत उतरलात. एक ढग सरकावा म्हणून काळ्या कापडाखाली डोकं घालून तासन्‌तास उन्हात उभे राहिलात. आता त्या घळींवर डोझर फिरलाय, केळी लागल्यात. किल्ल्यावरचा तुमचा तो बुरूज दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला. हे सगळं फक्त तुमच्या काचांवर उरलं होतं. आणि तुम्ही त्या घासूनपुसून चौकटी करणाऱ्याला देऊन टाकल्यात! आज त्या काचांमागे कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो लागलेत.

असं काय लिहिलं होतं मी रविवारच्या सदरात? "आमच्या गावात एक फोटोग्राफर आहेत. त्यांच्या फोटोत माणूस येत नाही आणि दुकानात गिऱ्हाईक येत नाही." गाव हसलं. तुम्हीही कात्रण खिशात घालून आलात, "भाऊ, झकास जमलंय" म्हणालात, चहा पिऊन गेलात. कपाळावर एक आठी नाही! तेव्हाच माझ्या कानाखाली एक वाजवायला काय झालं होतं?

आणि माझं ऐकायला सांगितलं कुणी? आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारीवर मी बारा वर्षं लिहितोय, अजून एक फरशी पडली नाही. उभ्या आयुष्यात माझं लिहिणं मनावर घेणारा एकच वाचक मिळाला, आणि तो तुम्ही निघालात!

राग तुमच्यावर जास्त की माझ्यावर, ठरत नाही. सध्या तुमच्यावर काढतो. तुम्ही तेव्हाही उलट बोलला नाहीत.

त्या लेखासोबत छापायला म्हणून बुरुजाचा एक फोटो मी तुमच्याकडून मागून नेला होता. जागा नाही म्हणून छापला नाही, आणि आज देऊ, उद्या देऊ करत परतही केला नाही. तेवढा एकच वाचला, माझ्या आळसामुळे.

त्याची प्रत करून घेतलीय. ती तुमच्या नावानिशी छापीन, आणि खाली माझ्या शहाणपणाची एक ओळही घालणार नाही. हा शब्द देतो.

मूळ फोटो आज सकाळी अक्कांना नेऊन दिला. त्यांनी तो पदरानं पुसला, बराच वेळ पाहिला आणि माझ्यापुढे उलटा धरला. "मांगे त्यानं नाव लिखी दे."

मागे तुमचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबलो, आणि निघालो.

तुमचा,
वसंत