फुल एचडीचा डबा

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

प्रिय अंबे,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. हे फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली होती. एकदा तू म्हणालीस, "थांब गं, गाय सुटली," आणि फोन ठेवलास. दुसऱ्या वेळी सासूबाई शेजारीच बसल्या असाव्यात, तुझ्या नुसत्या "व्हय, व्हय"वरून मला कळलंच. शेवटी कागद घेतला. शाळेत आपण एकाच बाकावर बसून एकमेकींना पत्रं लिहायचो, तेव्हा सांगण्यासारखं काहीच नसायचं आणि पानं भरायची. आज सांगायचं एकच आहे, पण ते कुठून सुरू करू हे समजत नाही.

आमच्या घरात सध्या एका डब्यावरून भांडण चालू आहे. टीव्हीच्या मागे जोडतात तो हातात मावणारा डबा, ज्यातून इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर दिसतात. कृष्णाने आणलेला जुना डबा चांगला चालत होता, पण मला तो बदलून फुल एचडीचा हवा होता. कृष्णा म्हणाला, "ताई, मालिकेतली सासू आत्ताच एवढी भयानक दिसती, अजून साफ बघून काय करायचं?" आई त्याच्याच बाजूने. मी शाळेत पोरांना संगणक शिकवते म्हणून विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तरी घरात माझं ऐकतात. या वेळी मात्र मी कारणच सांगत नव्हते. ते फक्त मला आणि आबांना माहीत होतं.

तुझ्या लेकीच्या बारशाला मी तुमच्या गावाला आले होते, आठवतं? जेवणं उरकल्यावर आपण मागच्या दारी भांडी घासत बसलो होतो. तू एकदम म्हणालीस, "मोने, मला आप्पांचा चेहरा आठवंना. डोळे मिटले की तो कोटातला माणूसच पुढं येतो." फर्दापूरला तुझ्या माहेरी भिंतीवर लावलेला तो फोटो. तुझ्या आप्पांचा, म्हणजे अजिनाथकाकांचा, धड फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून स्टुडिओवाल्याने आधार कार्डावरचा वाढवला आणि खाली कोट-टाय चिकटवला. ज्या माणसाने जन्मात कोट घातला नाही, त्याची मान त्या कोटातून परक्यासारखी वर आली आहे. त्यात ना त्यांचं नाक नीट, ना डोळे. तू तेवढं बोललीस आणि लगेच पातेलं घासायला लागलीस. मी तुला म्हणणार होते की मी सांगते ना ते कसे दिसायचे. पण सांगायला गेले तर मलाही चेहरा येईना. उजव्या खांद्यावरचा डोलीच्या दांड्याचा घट्टा आठवला, आवाज आठवला, बंडीच्या खिशातली तंबाखूची पुडी आठवली. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. त्या दिवशी फुलंब्रीहून परत येताना एसटीत मी सारखी डोळे मिटून बघत होते.

अंबे, तुला ते दिवस आठवतात का गं? सुट्टीच्या दिवशी आपण दोघी त्यांच्याबरोबर पहिल्याच गाडीने लेण्यांपाशी जायचो आणि पायऱ्यांच्या खाली बसायचो. गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडे बघून पैज लावायचो, कोण चालत जाणार आणि कोण डोलीत बसणार. तू नेहमी जिंकायचीस. जाड माणसं बसत नाहीत, त्यांना लाज वाटते, बारीक म्हाताऱ्या बसतात, हे तूच शोधून काढलं होतंस. खुर्चीला दोन दांडे, पुढे दोघे, मागे दोघे. आपल्या खुर्चीवर माझ्या आईने जुन्या लुगड्याची फुलाफुलांची गादी शिवली होती, म्हणून गिऱ्हाइकं ती लांबूनच निवडायची आणि बाकीचे डोलीवाले चिडायचे. "कारभारी, तुझी बायको लई हुशार, पण तू तसाच," असं काका आबांना म्हणायचे. दिवस मावळताना शेवटचं गिऱ्हाईक उतरलं की ते आपल्या दोघींना एकाच खुर्चीत बसवून गाडीपर्यंत आणायचे. "हलू नका म्हाराणीसाहेब, हत्ती बुजंल!" आणि मुद्दाम एक खांदा खाली करायचे. आपण किंचाळायचो. बघायला थांबलेले परदेशी लोक हसायचे. मला तेव्हा खरंच वाटायचं की आपलं गाव म्हणजे जगातलं मोठं ठिकाण आहे, कारण सगळं जग आपल्याकडे येतं आणि आपल्या बापांच्या खांद्यावर बसतं.

मग तो कोरोनातला बंदचा काळ आला. लेणी बंद, डोली बंद, आणि काका गावातल्या चौघांबरोबर सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेले. ते परत आलेच नाहीत. पुढचं मी लिहीत नाही. तुला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही, तिथल्या माणसांनी बघितलं आणि फोनवर सांगितलं, एवढंच. त्यानंतर तुझी शाळा सुटली, माझी चालू राहिली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून आबांनी गल्लीत पेढे वाटले तेव्हा मला सारखं वाटत होतं की बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. मुक्त विद्यापीठाचं मी तुला मागे बोलले होते, ते अजून डोक्यात आहे. दाजींशी मी स्वतः बोलेन. पण आज तो विषय नाही.

आबांचे गुडघे आता पार गेले आहेत. इकडे शहरात राहायला आल्यापासून दिवसभर खाटेवर असतात. कृष्णाने फर्दापूरच्या एका हॉटेलातून जुना टीव्ही स्वस्तात आणून दिला, मोठा आहे, चाळीस इंची. एका दुपारी आबा सहज म्हणाले, "एवढ्या लोकास्नी वर नेलं, पण आत काय हाय ते मी नीट बघितलंच नाय. खाली दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं असायचं." मला इतकं वाईट वाटलं! त्याच दुपारी मी त्यांना लेण्यांचे व्हिडिओ लावून द्यायला लागले. त्यातच पुण्याच्या कुठल्या तरी जोडप्याने बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेला एक व्हिडिओ लागला. बाई हसत पायऱ्या चढते आहे, नवरा खालून शूटिंग करतो आहे, आणि वरून एक डोली खाली येते. आबा ताडकन उठून बसले. "थांबव! ती आपली गादी हाय!"

खरंच होती, आईची फुलाफुलांची गादी. खुर्चीत टोपी घातलेली एक म्हातारी आणि पुढे दांड्याला दोघे जण. पण चेहरे म्हणजे नुसते मातकट ठिपके. आबा म्हणाले, "म्होरं उजवीकडं अजिनाथ. मागं मी. माझे नुसते पायच दिसतात बघ." मी म्हटलं, "आबा, कधी काकांच्या ऐवजी दुसरा पण असायचा ना? ते आजारी असले की?" ते पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असायचा. पण हा अजिनाथच हाय." मी थांबवून पुढे-मागे करून बघितलं. त्या ठिपक्यात मला तुझ्यासारखं काहीच सापडलं नाही.

मग मी शोध लावला की टीव्ही फुल एचडी आहे, पुण्याच्या त्या माणसाने व्हिडिओही फुल एचडीतच चढवला आहे, आणि आमचं इंटरनेटही तेवढं पेलतं. मधला डबा तेवढा कमी ताकदीचा आहे, तो चित्रातले बारकावे गाळून पुढे पाठवतो. मालिका बघायला, बातम्या बघायला त्याने काही बिघडत नाही. माणूस जवळ असला की अशा पुसट चित्रातही ओळखू येतो. पायऱ्यांवर लांब असलेल्या माणसाचं मात्र तोंडच पुसलं जातं. पगार झाल्यावर मी पैठण गेटजवळच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, सीरियलां देखने के वास्ते येइच डब्बा बस है, कायको जादा पैसे डालते?" मी म्हटलं, एका माणसाचं तोंड बघायचं आहे. "हिरो है क्या?" "हो," मी म्हटलं, "डोलीवाला आहे." त्याने माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून पोऱ्याला हाक न मारता स्वतःच शिडीवर चढला.

नवा डबा जोडल्यावर आधी दुसराच एक व्हिडिओ लावून बघितला, आतल्या भिंतींचा. भिंतीवरच्या त्या राणीच्या गळ्यातले मोती वेगवेगळे दिसत होते. आबा बघतच राहिले. "एवढं बारीक केलं होतं व्हय? आन् आम्ही बाहेर बिड्या वढत बसायचो!" आईसुद्धा पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. मग मी पुण्याच्या जोडप्याचा व्हिडिओ शोधला आणि बटण दाबणार, एवढ्यात आबांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. "अजिनाथची लेक आल्याबिगर नाय."

तेव्हा सगळं घरात उघड झालं आणि खरं भांडण पेटलं. आई म्हणाली, "आन् दुसराच कुणी निघाला मंजी? लेकुरवाळी पोर ती, कशाला रडवता तिला?" कृष्णा म्हणाला, "आधी आपण बघू. काका असले तर बोलवू, नसले तर विषय संपला." मलाही ते पटलं होतं, खरं सांगते. मी म्हटलं, शाळेतल्या संगणकावर गुपचूप बघून येते. आबा माझ्यावर इतके कधी ओरडले नव्हते. "तो काय तुझ्या शाळंचा पेपर हाय का तपासायला? असला तर तिच्यासमोर असू दे, नसला तर तिच्यासमोर नसू दे. आपण बघायचं आन् तिला कळवायचं, मंजी पुन्हा सुरतच झाली!" आईने त्यांना पाणी आणून दिलं.

म्हणून हे पत्र, अंबे. व्हिडिओ मी तुला फोनवर पाठवू शकले असते, पण तू तो भाकरी भाजता भाजता, कुणी बघत तर नाही ना असं बघत बघितला असतास, आणि त्या एवढ्याशा काचेत तुला पुन्हा ठिपकाच दिसला असता. तुला खोटी आशा मला द्यायची नाही. ते काका असतील किंवा त्या दिवशी त्यांच्या जागी आलेला कुणी असेल. आबांना खात्री आहे, मला नाही, आणि मी अजून बघितलेलं नाही. शाळेत रोज माझ्यासमोर संगणक उघडा असतो, तरी नाही. या रविवारी ये. दाजींना सांग, आबांना बघायला जाते, ते खोटं नाही. लेकीला घेऊन ये. फुलंब्रीच्या गाडीला मी स्टँडवर येऊन थांबते. तुझा हात धरून मी शेजारी बसेन, आणि रिमोट आबा तुझ्याच हातात देणार आहेत.

तुझीच, रविवारची वाट बघणारी,
मोनी