देवीची तपासणी

सिहोरा,
२२ ऑगस्ट २०१९

प्रिय कॅडेट तृप्ती मॅडम यांना,

सप्रेम जय भीम. तुमच्या हवाई दलाच्या अकादमीत फोन हाताला लागू देत नाहीत, म्हणून या जमान्यात मला पोस्टाची तिकिटं चिकटवत बसावं लागतंय, याची नोंद घ्यावी. तुझं पत्र पोचलं. अंधारात उठवतात, मैदानावर पळवतात, वरून ओरडतात, घास गिळायलाही वेळ देत नाहीत, हे सगळं वाचून मला तुझी अजिबात दया आली नाही. नुसता हेवा वाटला. मला ओरडायला कोणी बोलावतंय का, तेवढं विचारून ठेव.

इकडे धानाची रोवणी आटोपली. बाबा बरे आहेत. आजीचे गुडघे गेलेत, जीभ ठणठणीत आहे. आई बरी आहे.

मी अजून इथेच आहे. मुलाखतीच्या बोर्डातून पायलटसाठी निवड झाली ते तुला कळवलंच होतं. पेढेसुद्धा वाटून झाले, तीच चूक झाली. मग दिल्लीचं मेडिकल. डोळ्यांत थेंब घातले, पाय मोजले, कानात फुंकलं, पाठीचे फोटो काढले, डोक्याला तारा लावल्या. कुठेही खोट निघाली नाही. आणि शेवटच्या टेबलावर शिक्का बसला, 'तात्पुरती अनफिट'. का, तर घरातल्या एका माणसाच्या तब्येतीचा तज्ज्ञ डॉक्टरचा रिपोर्ट आणा, मग पुढचं बघू.

तेव्हापासून माझी जी परेड चालू आहे ती तुझ्यापेक्षा कमी नाही. भंडाऱ्याला गेले तर म्हणाले, असले डॉक्टर आमच्याकडे नाहीत, नागपूरला जा. नागपूरला गेले तर खिडकीतला माणूस म्हणतो, "पेशंट घेऊन या, नाहीतर दाखला भेटत नाही." त्याचं बरोबर आहे, पण बरोबर बोलणाऱ्याचाच जास्त राग येतो. मागचा एक जण म्हणाला, "अनफिट तुम्ही, अन् रिपोर्ट दुसऱ्याचा काहून?" दिल्लीला फोन लावला की एक गोड आवाज सांगतो, "आपका केस प्रोसेस में है." आणि गावात पाय टाकला की पाराजवळची मंडळी विचारतात, "गेली नाई का वो अजून? विमान चुकलं का?"

नोव्हेंबरच्या शेवटी यादी लागेल. त्याआधी फिट ठरले तर जानेवारीत मी तुझ्या मागोमाग. नाहीतर संपलं सगळं. पुढच्या खेपेला माझं वय बसत नाही, तुला ठाऊक आहे.

कोणाची तब्येत, असं तू विचारशीलच. आईची. तिला काही झालेलं नाही, उगाच काळजी करू नकोस. नुसता कागद आहे. आई डॉक्टरकडे यायला तयार नाही, एवढीच अडचण.

तुझी वैतागलेली,
रिता


सिहोरा,
९ ऑक्टोबर २०१९

प्रिय तृप्ती,

काल दसरा झाला. सोनं पाकिटात घातलंय, घडी उघडताना सांभाळ. तुझे बाबा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर भेटले होते, यादोराव काकांनी तुझ्या आठवणीने चहा पाजला. तब्येत छान आहे त्यांची.

तुझं गेलं पत्र म्हणजे दोनच ओळी. 'आईला नक्की काय झालंय? आणि तू मला काय सांगत नाहीयेस?' अकादमीत हेरगिरीपण शिकवतात वाटतं. ठीक आहे, सांगते. पण हसलीस तर बघ.

दिल्लीत शेवटच्या टेबलावर एक बाई होत्या, हवाई दलातल्याच डॉक्टर. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, घरात कोणाला फिट येतात का, कोणी बेशुद्ध पडतं का. क्लासच्या सरांनी आपल्याला काय घोटवलं होतं? मेडिकलमध्ये काही लपवायचं नाही. मी शहाणी. सांगून टाकलं की नवरात्रात माझ्या आईच्या अंगात देवी येते. ती घुमते, दातखीळ बसते, मग आडवी होते, आणि नंतर म्हणते मला काहीच आठवत नाही. बाई लिहीत गेल्या. त्यांच्या कागदावर आजारासाठी जागा आहे, देवीसाठी नाही. देवी आजाराच्या रकान्यात जाऊन बसली.

आणि हे सांगताना मी हसले, तृप्ती. म्हणजे त्यांना कळावं की मी त्यातली नाही. हे तुला लिहायचं नव्हतं म्हणून मागच्या पत्रात नुसता कागद कागद करत बसले. तुझ्या घरी देव्हारा नाही, अंगात येणं नाही. आपण नागपूरला एका खोलीत इतकी वर्षं राहिलो, पण आईचं हे मी तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

घरी येऊन रिपोर्टचं बोलले तर आजी अंगावर आली. "देवीले डॉक्टर तपासन का वो? घराले पाप लागन!" बाबा म्हणाले, आजी नाही म्हणते ना, मग राहू दे, दुसरा काही उपाय बघ. दुसरा उपाय म्हणजे काय, दुसरी आई आणू? आई चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती. मी तिच्यावर ओरडले, "तुझ्या पोरीसाठी एक दिवस निघत नाही तुला?" ती एवढंच म्हणाली, "मले इचारून का होते? घरात इचारा." मला वाटलं अंग काढून घेते आहे. त्यानंतर मी तिच्याशी धड बोलले नाही. ताट वाढलं की उचलायचं, जेवण झालं की ठेवायचं. ती काहीच बोलायची नाही. त्याचाही राग यायचा.

आता दुसरी गोष्ट ऐक. मी नागपूरला कशी आले, हे तू कधी विचारलं नाहीस. बारावीनंतर तुमसरकडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. त्या वर्षी अष्टमीला आईच्या अंगात आली आणि सगळ्या बायांसमोर देवी म्हणाली, "पोरगीले नागपूरले शिकाले धाडा. साइन्सले टाका. होस्टेलात ठेवा." आजीने कान पकडले, बाबांनी नारळ फोडला, स्थळाला नकार गेला. देवीला साइन्स आणि होस्टेल कसं ठाऊक, हे माझ्या तेव्हाच मनात आलं होतं. पण विचारलं नाही. माझ्या फायद्याचं होतं ना!

या अष्टमीला संध्याकाळी घटात उगवलेल्या जवाऱ्यासमोर बाया जमल्या. देवीचे जस गायला सुरुवात झाली, ढोलक तापलं. मी दाराशी तोंड वाकडं करून उभी. आईचे केस सुटले, मान हलायला लागली. आजी गुडघे धरत पुढे झाली. "बोल माय, का चुकलं आमचं?"

आई घुमत म्हणाली, "या बाईले नागपूरले न्या. मेंदूच्या डॉक्टरले दाखवा. मी कोनाले भेत नाई."

ढोलकवाला थांबला. आजी म्हणाली, "पन माय, तुयी परीक्षा..."

"दसरा झाला का न्या. पेशंट घेऊनच जा, नाईतर दाखला भेटत नाई."

शप्पथ सांगते, अगदी असंच. मी घरात चिडून सांगितलेला नागपूरच्या खिडकीतला नियम देवीच्या तोंडून! मी मागे गोठ्यात पळाले. आधी पोट दुखेपर्यंत हसले. मग रडू आलं ते थांबेना. आईने ऑगस्टमध्येच मला खरं सांगितलं होतं, मला विचारून काय होतं म्हणून. मीच बहिरी. त्या घरात तिच्या तोंडून एखादी गोष्ट निघून ती मानली जावी, असा दिवस वर्षातून एकदा येतो, आणि त्याची वाट पाहत ती गप्प बसली होती. मी दिल्लीला शिव्या घालत होते आणि माझी फाइल आमच्याच चुलीपाशी अडलेली होती. कोणावर चिडू, सांग! आईवर? आजीवर? की माझ्या स्वतःच्या थोबाडावर?

आता सगळे राजी आहेत. आजीने स्वतः प्रवासासाठी दशम्या करायला घेतल्यात, कारण देवीचा हुकूम आहे. यादोराव काका नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेणार आहेत. दिवस फार कमी उरलेत.

तुझी,
रिता


दिल्ली,
२६ नोव्हेंबर २०१९

प्रिय तृप्ती,

कशी आहेस? इथे थंडी आहे आणि धूर आहे. मी ज्या खोलीत उतरलेय तिथल्या चहाला चव नाही. हे झालं क्षेमकुशल. आता ऐक.

नागपूरला यादोराव काका आमच्या आधीच येऊन थांबले होते. मला धास्ती होती की ते अंधश्रद्धेवर एखादं भाषण देतील. त्यांनी आईला फक्त विचारलं, "वहिनी, बस लागली नाही ना?" आणि तिची पिशवी घेऊन पुढे चालायला लागले. तुझ्या बाबांना माझा नमस्कार कळव, मला तोंडावर सांगायला जमलं नाही.

आईच्या डोक्याला तारा लावल्या, तेव्हा ती डोळे मिटून निजली होती. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. आत दोघं बराच वेळ बोलत होते. मग शकुनबाई या आईच्या नावाचा रिपोर्ट हातात आला. फिटचा आजार नाही, मेंदूचा आलेख निर्दोष, कसलंही औषध नाही.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काय सांगितलंस डॉक्टरांना?"

"जे आहे ते."

मौदा मागे पडलं. खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "आता मले नाई जमनार."

"काय?"

"तेच, अष्टमीचं. एकदा खरं बोललं का मंग नाई जमत."

माझा कागद झाला होता आणि तिच्याकडे जे एक होतं ते गेलं होतं. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

एवढं होऊनही दिल्लीची हौस फिटली नव्हती. रिपोर्ट पाठवला तर म्हणे मूळ प्रत हवी. मूळ प्रत पाठवली तर म्हणे सहीखाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. परत नागपूर, परत पोस्ट. पुन्हा तोच गोड आवाज, पुन्हा प्रोसेस. एकदा मी फोनवर ओरडले, की या रिपोर्टसाठी माझ्या आईने काय मोजलंय तुम्हाला माहीत आहे का? त्याने मला होल्डवर ठेवलं आणि गाणं लावलं. राग कुठे ठेवावा कळेना. यादी आठवड्यावर आली तेव्हा बोलावणं आलं.

आज गेले. टेबल तेच, बाईही त्याच. रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कोई बीमारी नहीं है. तो फिर नवरात्र में होता क्या है?"

या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "मॅडम, घर में उनकी कोई सुनता नहीं. इसलिए."

बाईंनी चष्मा काढला. पुढे एकही प्रश्न विचारला नाही. लिहिलं, सही केली, शिक्का मारला. फिट.

यादी अजून लागायची आहे. माझे गुण पाहता नाव यायला हवं, पण या लोकांचा आता मला भरवसा नाही, ते लागेल तेव्हा लागेल. बाहेर येऊन मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"का झालं? सांग ना लवकर!"

"आईला द्या."

"अवो मले सांग ना, मी सांगतो तिले."

"नाही बाबा. आधी आईला."

त्यांना ते विचित्र वाटलं असावं, आजपर्यंत आमच्या घरात कुठलीच बातमी आधी आईकडे गेलेली नाही. त्यांनी हाक मारली. आजीचा आवाज आला, का म्हनते पोरगी, का म्हनते? मागे ढोलीतून धान काढल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग आई आली. "हं, बोल."

मी सांगितलं. मग तिने फोन बाजूला धरला आणि घरातल्यांना सांगायला लागली, काय झालं, कसं झालं, जानेवारीत पोरगी कुठे जाणार, पोचवायला कोण जाणार. केस बांधलेले असतील, ढोलक नव्हतं, देवी नव्हती. तिचाच आवाज होता. आणि मागे सगळे गप्प उभे राहून ऐकत होते, तृप्ती. मी फोन कानाला लावून रस्त्यात उभी होते, मला तो ठेववत नव्हता.

शकुनबाईंची मुलगी,
रिता